सुट्टे पैसे

दर गुरुवारी अकराला विद्याश्री येते.
गोकाकची आहे, मराठी तिचं अडखळत चालतं.
पिशवीतून चित्रांचे पुठ्ठे काढते,
एकेक धरते यांच्यासमोर:
चमचा. कुलूप. शेळी.
हे बघतात, ओठ हलवतात,
शेळीला म्हणतात, "ते... आपलं ते... दूध."
ती म्हणते, "बरोबर, जवळ आलात."
मला तसं कुणी म्हटलेलं आठवत नाही.

महामंडळात एकतीस वर्षं कंडक्टर,
पण पुठ्ठ्यावरच्या बसचं नाव सापडेना.
मग तिनं विचारलं, "बरं, निपाणीनंतर काय?"
आणि हे पलंगावर ताठ बसले.
तवंदी, कणगला, संकेश्वर, हत्तरगी,
वंटमुरी, काकती,
एका दमात, कुठं ठेच नाही,
मधेच कानडीत, "मुंद होग्री, मुंद होग्री!"
विद्याश्री हसली.
मी आत गेले, नळ सोडला,
भांडी घासून झाली होती तरी.

वहीत लिहून दिलंय तिनं मला:
एका वेळी एकच वाक्य बोला.
उत्तरासाठी मनात दहा मोजा.
चुकलं तर "नाही" म्हणू नका.
नावानं हाक मारा.

नावानं!
लग्नात एकदा घेतलं, सगळ्यांनी अडवलं म्हणून.
नंतरचा सगळा संसार "अहो" आणि "ऐकलंत का"वर निभावला.
न्हाणीघरात बादलीपाशी सराव केला,
आदगोंडा. आदगोंडा.
चोरून काही खाल्ल्यासारखं वाटलं.
बाहेर येऊन मोठ्यानं म्हटलं,
तर यांनी वळून पाहिलं
आणि विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या?"

मी दहा मोजले.

रात्री तीनदा कडी वाजते. पहिली गाडी चुकेल म्हणतात.
समोरच्या वखारीतून तंबाखूची खाट येते,
शिंकत शिंकत दोघं दारात उभे.
मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो,
आई, स्वतःची काळजी घे.
घेते की. कुठल्या दुकानात मिळते, तेवढं सांग.

परवा पुठ्ठे गोळा करताना विद्याश्रीनं
मलाच विचारलं, "अक्का, तुमी कुणासंगं बोलता?"
बोलतेय की दिवसभर.
"यांच्यासंगं नव्हं."
मी तोंड उघडलं. शब्द जवळच होता,
शेळीइतका जवळ.
ती थांबली.
मला दिसलं, ती मनात आकडे मोजत होती.

काल दुपारी लाइट नव्हते.
हे उठून माझ्या खुर्चीशी आले,
एक हात वर, नसलेल्या दांडीला धरून,
दुसरा पुढं पसरलेला.
"यल्ली इळितीरी? कुठं उतरणार, बाई?"
कित्येक महिन्यांतला पहिला अख्खा प्रश्न,
आणि तो माझ्याबद्दल.
"संकेश्वर," म्हटलं मी.
माहेर. तिथं आता कुणी नाही,
भावाचं घरही हायवेत गेलं.
यांनी कॅलेंडरचा कोपरा फाडून दिला.
"सुट्टे द्या."
डब्यातले पाच रुपये दिले.
हे सरकत सरकत पलंगापर्यंत गेले, पुढच्या पॅसेंजरकडं.
मी तो कागद मुठीत धरून बसले,
किती वेळ, माहीत नाही.

संध्याकाळी शेजारच्या मालनला म्हटलं,
अर्धा तास बसशील यांच्यापाशी?
कुठं जाताय, तिनं विचारलं नाही.
स्टँडवर संकेश्वरची गाडी लागलेली.
चढले नाही.
बाकावर बसून शेंगा खाल्ल्या,
अख्खी पुडी, एकटीनं,
आणि टरफलं पदरात घेऊन परत आले.

दारात मालन म्हणाली,
दोनदा विचारत होते,
ती संकेश्वरची बाई उतरली का.